‘आय दाऊ दी’: विंचेस्टरच्या कोर्टातलं अरे-तुरे

१७ नोव्हेंबर १६०३. लंडनमध्ये प्लेग पसरला होता, म्हणून राजद्रोहाचा खटला विंचेस्टरला चालवायचं ठरलं. आरोपी होता सर वॉल्टर रॅले. एलिझाबेथ राणीच्या अंगरक्षकांचा हा प्रमुख. दर्यावर्दी, कवी, दरबारातला देखणा आणि गर्विष्ठ माणूस. मार्चमध्ये राणी वारली, स्कॉटलंडहून जेम्स राजा आला आणि काही महिन्यांत रॅलेची पदं गेली. मग अटक झाली. लॉर्ड कोबमशी संगनमत करून, स्पेनच्या पैशानं जेम्सला उलथवून अ‍ॅराबेला स्ट्युअर्टला गादीवर बसवण्याचा कट केल्याचा आरोप त्याच्यावर होता. सरकारतर्फे उभा होता अ‍ॅटर्नी जनरल सर एडवर्ड कुक. त्याचं आडनाव लिहितात कोक, पण म्हणतात कुक.

खटल्याच्या भरात कुक रॅलेकडे वळून ओरडला: ‘ऑल दॅट ही डिड वॉज बाय दाय इन्स्टिगेशन, दाऊ वायपर, फॉर आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर.’

या एका वाक्याचं हे प्रकरण आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होतो, आणि मला ते साफ उलटं कळलं होतं. ‘दाऊ’ आणि ‘दाय’ हे शब्द मी तोवर फक्त बायबलच्या उताऱ्यांत आणि पाठ्यपुस्तकातल्या कवितांत पाहिले होते. ‘दाऊ आर्ट’, ‘दाऊ हॅस्ट’ म्हणजे भारदस्त, जुनं, देवघरातलं इंग्रजी, असा माझा समज होता. त्यामुळे सरकारी वकील भावनेच्या भरात गंभीर, जवळजवळ मंत्रासारखं काहीतरी बोलतोय असं मला वाटलं. प्रत्यक्षात ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’, ‘दी’ म्हणजे ‘तुला’ आणि ‘दाय’ म्हणजे ‘तुझा’. कोबमनं जे केलं ते तुझ्या चिथावणीवरून, असं म्हणत भर कोर्टात एक माणूस दुसऱ्याशी एकेरीवर आला होता, आणि ‘हो, मी मुद्दाम एकेरीवर आलोय’ हेही तोंडानं सांगत होता.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. ‘आय दाऊ दी’ या वाक्यात मधला ‘दाऊ’ क्रियापद आहे. सर्वनामाचंच क्रियापद केलं आहे. आपल्याकडे ते तयार आहे: अरे-तुरे करणे. ‘मला अरे-तुरे करू नका’ हे वाक्य आपण गावच्या चावडीपासून मंत्रालयाच्या दारापर्यंत कुठेही ऐकतो, आणि ते ऐकताच पुढे भांडण पेटणार हे ओळखतो. फ्रेंचमध्येही असं क्रियापद आहे. आधुनिक इंग्रजीत मात्र ते उरलेलं नाही, कारण ज्या फरकावर ते उभं होतं तो फरकच गेला. म्हणून आजच्या इंग्रजी वाचकाला हे वाक्य समजावून सांगावं लागतं. आपल्याला फक्त आठवण करून द्यावी लागते.

कोर्टात काय घडत होतं

रॅलेला वकील नव्हता. राजद्रोहाच्या आरोपीला तेव्हा वकील देत नसत. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे कोबमचा जबाब, आणि कोबमनं तो एकदा मागेही घेतला होता. कोबमला माझ्यासमोर उभा करा, त्याला माझ्या तोंडावर बोलू द्या, ही रॅलेची मागणी शेवटपर्यंत फेटाळली गेली. कायद्याचे विद्यार्थी हा खटला वाचतात तो याच मुद्द्यासाठी. अगदी २००४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदाराला समोर आणण्याच्या हक्काचा निकाल देताना रॅलेचा दाखला घेतला. पण आपल्याला त्या दिवशीचे कायद्याचे मुद्दे बाजूला ठेवून फक्त कोण कोणाला काय म्हणतं ते ऐकायचं आहे.

तेव्हा कोर्टात अधिकृत लघुलेखक नसत. खटल्याला हजर असलेल्यांनी लिहून ठेवलेल्या हकीकती वेगवेगळ्या हस्तलिखितांत उरल्या, आणि त्यांत शब्दांचे फरक आहेत. पुढे राजद्रोहाच्या खटल्यांच्या छापील संग्रहात जी हकीकत आली, ती मी इथे धरतो.

सुरुवातीला कुकही ‘यू’च, म्हणजे ‘तुम्ही’च म्हणतो. ‘आय विल प्रूव्ह यू द नोटोरियस्ट ट्रेटर’, म्हणजे कोर्टात आलेल्यांतला सर्वांत कुख्यात राजद्रोही तुम्ही आहात हे मी सिद्ध करीन. शिवी आहे, पण तुम्हीमध्ये बसवलेली. रॅले शांतपणे उत्तर देतो की तुमच्या शब्दांनी मी दोषी ठरत नाही, यातली एक गोष्ट सिद्ध करा, मी सगळं आरोपपत्र कबूल करतो. हे ऐकून कुकचा तोल जातो: ‘दाऊ आर्ट अ मॉन्स्टर, दाऊ हॅस्ट अ‍ॅन इंग्लिश फेस, बट अ स्पॅनिश हार्ट.’ राक्षस आहेस तू. तोंड इंग्रजाचं आहे तुझं, काळीज स्पेनचं.

बदल कुठे झाला ते नीट पाहावं. ‘यू आर’चं ‘दाऊ आर्ट’ झालं, ‘यू हॅव’चं ‘दाऊ हॅस्ट’ झालं. सर्वनामाबरोबर क्रियापदही बदललं, जसं ‘तुम्ही आहात’चं ‘तू आहेस’ होताना आपलं बदलतं. मराठीत आपण पुष्कळदा ‘तू’ गाळतो आणि नुसतं ‘कुठे होतास?’ म्हणतो. तिथे सगळा सलगीचा किंवा सगळा अपमानाचा भार त्या एका ‘स’वर असतो. इंग्रजीतला ‘-स्ट’ तेच काम करत होता.

मग ते वाक्य येतं, विषारी सापाचं आणि अरे-तुरेचं. रॅलेचं त्यावरचं उत्तर माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे: ‘इट बिकमेथ नॉट अ मॅन ऑफ क्वालिटी अँड व्हर्च्यू टु कॉल मी सो, बट आय टेक कम्फर्ट इन इट, इट इज ऑल यू कॅन डू.’ कुलीन, सद्गुणी माणसाला मला असं म्हणणं शोभत नाही. पण मला यातच समाधान आहे, एवढंच तुम्ही करू शकता. तो ‘यू’ सोडत नाही. जीव जाण्याची वेळ आलेला माणूस पलीकडच्याच्या ‘तू’ला ‘तुम्ही’नं उत्तर देतो, आणि त्या ‘तुम्ही’तच त्याचा वरचढपणा दिसतो. लगेच कुकही क्षणभर वरमतो आणि विचारतो, ‘हॅव आय अँगर्ड यू?’ तुम्हांला राग आला का? ‘दाऊ’वरून परत ‘यू’वर. आपल्याकडे भांडणात एकेरीवर आलेला माणूस भानावर आला की अशीच त्याची क्रियापदं बदलतात.

पण हे फार टिकत नाही. पुढे पुन्हा ‘दाऊ आर्ट द मोस्ट व्हाइल अँड एक्झिक्रेबल ट्रेटर’ येतं. रॅले म्हणतो, तुम्ही अविचारानं, रानटीपणानं, असभ्यपणे बोलता आहात. कुक म्हणतो, तुझे विषारी द्रोह सांगायला मला शब्द अपुरे पडताहेत. रॅले उत्तरतो, खरंच पडत असावेत, एकच गोष्ट तुम्ही अर्धा डझन वेळा बोललात. याच्या थोडं आधीच, खटला चालवणाऱ्या मंडळातल्या रॉबर्ट सेसिलला मध्ये पडून अ‍ॅटर्नीसाहेब, एवढे उतावीळ होऊ नका, त्यांना बोलू द्या, असं म्हणावं लागलं. कुक रुसून खाली बसला आणि आर्जवं केल्यावरच पुन्हा उठला.

ज्यूरीला दोषी ठरवायला फार वेळ लागला नाही. मुख्य न्यायाधीश पॉपमनं शिक्षा सुनावली. ती शिक्षा अशी होती की ऐकवत नाही: गाड्याला बांधून फरफटत नेणं, फाशी, जिवंतपणी आतडी काढणं, तुकडे करणं. पण सुनावताना पॉपम काय म्हणतो? ‘यू हॅव ऑल्वेज बीन टेकन फॉर अ वाइज मॅन.’ तुम्हांला सगळे शहाणे समजत आले. मृत्युदंड ‘तुम्ही’मध्ये दिला गेला. म्हणजे कुकचं ‘दाऊ’ ही त्या काळच्या कोर्टाची रीत नव्हती. न्यायासनावरचा माणूस सरदाराला सरदाराचा मान देऊन मरणाची शिक्षा सांगत होता. ‘दाऊ’ कुकनं आपल्या हिमतीवर आणलं होतं.

डडली कार्लटन या समकालीनाच्या पत्रात त्या दिवसाचा एक पडसाद आहे. खटला पाहून आलेला एक जण सांगत होता की सुरुवातीला रॅलेला फाशी जाताना पाहायला मी शंभर मैल चाललो असतो, पण उठण्याआधी त्याचा जीव वाचवायला हजार मैल चाललो असतो. रॅले तोवर लोकांत अप्रिय होता. एका दिवसात पारडं फिरलं. त्याला बरीच कारणं आहेत, पण एका बाजूनं सतत अरे-तुरे आणि दुसऱ्या बाजूनं सतत ‘तुम्ही’, हे ऐकणाऱ्यांच्या कानांवर परिणाम न करता गेलं असेल असं मला वाटत नाही.

‘स्ट’ आणि ‘थ’ ही दोन वेगळी घराणी

आता रॅलेच्या उत्तरातला पहिला शब्द पुन्हा पाहू: ‘इट बिकमेथ’. आज आपल्या कानांना ‘हॅस्ट’, ‘आर्ट’, ‘बिकमेथ’, ‘हॅथ’ हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. सगळंच जुनं इंग्रजी. गोंधळ इथेच होतो. नाटकाच्या संहितांत, जाहिरातींत, गेममधल्या संवादांत ‘दाऊ गोएथ’, ‘आय डथ’ असं लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. जुनेपणाचा मसाला म्हणून कुठेही ‘एथ’ भुरभुरला जातो.

ते चूक आहे, आणि का चूक आहे ते मराठी वाचकाला संस्कृतच्या मदतीनं चटकन दिसेल. संस्कृतात ‘भरसि’ म्हणजे तू वाहून नेतोस, ‘भरति’ म्हणजे तो वाहून नेतो. जुन्या इंग्रजीत याच धातूचं रूप ‘दाऊ बेअरेस्ट’ आणि ‘ही बेअरेथ’. ‘-सि’ आणि ‘-स्ट’, ‘-ति’ आणि ‘-थ’. ही योगायोगाची सारखेपणाची जोडी नाही. दोन्ही भाषा एकाच मूळ भाषेच्या लेकी आहेत आणि ही प्रत्ययांची ठेव दोघींना माहेराहून मिळाली. इंग्रजीत ‘-स’च्या मागे ‘ट’ चिकटला तो नंतर. क्रियापदाच्या लगेच मागे येणाऱ्या सर्वनामाचं व्यंजन त्याला लागून घट्ट झालं. ‘दाऊ’ स्वतः आपल्या ‘तू’चा आणि संस्कृत ‘त्वम्’चा सख्खा नातलग आहे. आणि मराठीतल्या ‘करतोस’मधला ‘स’, जुन्या मराठीतल्या ‘करिसी’, ‘जाणसी’मधला ‘सी’, हे त्याच ‘-सि’चे वारस. चारशे वर्षांपूर्वी कुकच्या तोंडून ‘हॅस्ट’ निघालं तेव्हा त्यात जो ‘स’ होता, तो आज आपल्या तोंडून ‘आहेस’ म्हणताना निघतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान वाचवलं नाही.

‘आर्ट’, ‘शॅल्ट’ यांच्या शेवटी ‘स’ नाही, नुसता ‘ट’ आहे. तो निराळ्या जुन्या प्रत्ययाचा वंशज. संस्कृतात ‘वेत्थ’, म्हणजे तू जाणतोस, यातला ‘थ’ त्याचा नातलग. ‘विल्ट’ त्यांच्या वळणावर गेलं.

म्हणजे हिशेब सरळ आहे. ‘-स्ट’ फक्त ‘दाऊ’बरोबर: दाऊ हॅस्ट, दाऊ डस्ट, दाऊ कॅन्स्ट, दाऊ नोएस्ट. ‘-थ’ फक्त तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनाबरोबर: ही हॅथ, शी डथ, इट बिकमेथ. ‘आय’बरोबर दोन्ही नाहीत. ‘यू’बरोबर दोन्ही नाहीत. अनेकवचनाच्या ‘वी’ किंवा ‘दे’बरोबरही सहसा नाहीत. ‘आय डथ’ हे ‘मी करते’ असं पुरुषानं म्हणण्यासारखं नाही, ते ‘मी करतोस’ म्हणण्यासारखं आहे. कुक-रॅलेच्या इंग्रजीत तसं बोलण्याची रीत नव्हती.

दोघांचं काम मात्र अगदी वेगळं. ‘-स्ट’ नातं सांगतो: बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात कोण वर, कोण खाली, कोण जवळ. ‘-थ’ नात्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त चाल सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेकडून आलेला ‘-स’ प्रत्यय सोळाव्या शतकात लंडनच्या बोलण्यात पसरला आणि ‘बिकमेथ’च्या जागी ‘बिकम्स’ येऊ लागलं. १६०३ मध्ये दोन्ही चालत होते. बोलताना ‘-स’ अधिक, लिहिताना आणि गंभीर बोलताना ‘-थ’ अधिक. ‘हॅथ’ आणि ‘डथ’ हे दोघे सर्वांत चिवट निघाले. १६४३ साली रिचर्ड हॉजेस नावाच्या शाळामास्तरानं शुद्धलेखनाच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की आपण ‘लीडेथ इट’, ‘मेकेथ इट’ असं लिहितो, पण बोलताना ‘लीड्स इट’, ‘मेक्स इट’ असंच म्हणतो. अक्षर एक, उच्चार दुसरा. आपण ‘त्याने सांगितले’ लिहितो आणि ‘त्यानं सांगितलं’ म्हणतो, तसंच.

म्हणून रॅलेच्या वाक्यात ‘बिकमेथ’ आणि ‘यू कॅन डू’ शेजारी शेजारी बसतात आणि त्यात विसंगती नाही. भाषा भारदस्त, संबोधन आदराचं. कुकच्या वाक्यात भाषा रोजची, संबोधन हीन. दोन्ही वाक्यांना ‘जुनं इंग्रजी’ असं एकच लेबल लावलं की हा सगळा सामना हातातून निसटतो.

नाटकाशी जोडलेली चुकीची गाठ

या वाक्याबरोबर एक गोष्ट हमखास सांगितली जाते. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकात सर टोबी हा भित्र्या सर अँड्र्यूला द्वंद्वाचं आव्हान कसं लिहावं ते शिकवतो: त्याला तीनेक वेळा ‘दाऊ’ म्हणालास तर बिघडणार नाही. यात शेक्सपिअरनं कुकला टोला मारला, असं पुष्कळांनी लिहिलं आहे.

तारखा पाहिल्या की ही गाठ सुटते. जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं आपल्या रोजनिशीत मिडल टेंपलमध्ये हे नाटक पाहिल्याची नोंद केली आहे, ती २ फेब्रुवारी १६०२ ची. खटला त्यानंतर एकवीस महिन्यांनी झाला. टोला मारायला कुक अजून काही बोललाच नव्हता.

पण उलट दिशेनं पाहिलं तर ही नोंद जास्त मोलाची आहे. मिडल टेंपल म्हणजे लंडनच्या वकिलांच्या चार संस्थांपैकी एक. तिथल्या वकील आणि वकिलीच्या विद्यार्थ्यांसमोर ‘दाऊ म्हणून डिवच’ हा विनोद झाला, आणि तो त्यांना कळला. म्हणजे १६०२ मध्येच, वरच्या थरातल्या दोन पुरुषांमध्ये ‘दाऊ’ हे भांडण उकरून काढायचं साधन होतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं. कुकनं नवं काही शोधून काढलं नव्हतं. त्याच्या समाजात अपमानासाठी जी ठरलेली रीत होती, ती त्यानं कोर्टात वापरली आणि वर तिचं नावही घेतलं.

‘यू’ मुळात अनेकवचन. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबाराच्या वळणावर एका माणसालाही आदरानं अनेकवचनात बोलायची पद्धत इंग्रजीत रुजली, आपल्या ‘तुम्ही’सारखी. १६०० च्या सुमारास सुशिक्षित लोकांत ‘यू’ हेच नेहमीचं झालं होतं. ‘दाऊ’ उरलं होतं ते नोकरांशी, मुलांशी, जवळच्या माणसाशी, देवाशी आणि शत्रूशी. मराठीतल्या ‘तू’ची यादी करायला बसलो तर जवळपास हीच होईल.

दोन महिन्यांनी, दुसऱ्या दालनात

विंचेस्टरचा निकाल लागून दोन महिने होतात न होतात, तोच जेम्स राजानं जानेवारी १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात धर्मगुरूंची परिषद भरवली. तिथून बायबलच्या नव्या भाषांतराचं काम निघालं, ते १६११ मध्ये छापून झालं. त्यात पानोपानी ‘दाऊ आर्ट’, ‘दाऊ शॅल्ट’, ‘ही सेथ’, ‘शी हॅथ’.

भाषांतरकारांना अगदी मुळापासून नवं भाषांतर करायचंच नव्हतं. १५६८ चं बिशपांचं बायबल धरून चाला आणि मूळ जेवढं परवानगी देईल तेवढंच बदला, असा त्यांना नियम होता. आणि त्या बायबलच्या मागे १५२६ चं विल्यम टिंडेलचं नव्या कराराचं भाषांतर होतं. टिंडेलच्या काळात ‘-थ’ जिवंत होता, तो तसाच राहिला. ‘दाऊ’चं कारण आणखी वेगळं. हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकाला उद्देशून एकवचन आणि अनेकांना उद्देशून अनेकवचन. तिथे मान-अपमान नाही, फक्त मोजणी. भाषांतरकारांनी एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘ये’ वापरून ती मोजणी जपली. म्हणून त्यांच्या बायबलात देवही ‘दाऊ’, सैतानही ‘दाऊ’, राजाही ‘दाऊ’ आणि भिकारीही ‘दाऊ’.

पुढे रस्त्यावरचं ‘दाऊ’ हळूहळू मेलं आणि चर्चमधलं उरलं. १६५० च्या दशकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथानं माणसामाणसांत भेद नको म्हणून न्यायाधीश, सरदार सगळ्यांनाच ‘दाऊ’ म्हणायला सुरुवात केली. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि १६६० साली फॉक्स व त्याच्या साथीदारांनी अनेक भाषांतले एकवचन-अनेकवचनाचे दाखले देत एक आख्खं पुस्तक काढून आपली बाजू मांडली. पण समाज दुसऱ्या बाजूला गेला. सगळ्यांना ‘तू’ करण्याऐवजी सगळ्यांना ‘तुम्ही’ झालं. नंतरच्या क्वेकरांच्या घरांत तर ‘दाऊ आर्ट’ही राहिलं नाही, ‘दी इज’ असं झालं: सर्वनामाचं रूप कर्माचं आणि क्रियापद तिसऱ्या पुरुषाचं. प्रत्यय आधी गळाला, नातं मात्र काही काळ त्या ‘दी’मध्ये धरून ठेवलं होतं.

बाकीच्या बहुतेक इंग्लंडसाठी ‘-स्ट’ मुख्यतः प्रार्थनेत राहिला. ज्या शब्दानं कुकनं रॅलेला चिखलात ओढलं तो पुढच्या पिढ्यांना फक्त गुडघे टेकलेले असताना ऐकू येऊ लागला. म्हणून तो भारदस्त वाटू लागला. इंग्रजीतल्या प्रार्थना करणाऱ्यांनाच पुढे वाटू लागलं की ‘दाऊ’ हा देवासाठीचा खास आदराचा शब्द आहे. इतकं, की १९५२ च्या अमेरिकन सुधारित भाषांतरात माणसांना सगळीकडे ‘यू’ केलं आणि देवाला तेवढं ‘दाऊ’ ठेवलं. १९८९ च्या पुढच्या आवृत्तीत तेही गेलं.

मराठीत हा गैरसमज व्हायला जागाच नाही. प्रभूची प्रार्थना इंग्रजीत ‘अवर फादर, विच आर्ट इन हेवन’ अशी सुरू होते, मराठीत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’. ‘तुझे’. वारीतला विठ्ठलही ‘तू’च. देवाला ‘आपण’ म्हणणारा भक्त आपल्याला लांबचा वाटतो. त्याच प्रार्थनेत पुढे ‘दाय किंग्डम कम’ आहे. शाळेत पुष्कळांना तिथे ‘कम्स’ का नाही असा प्रश्न पडतो. ‘तुझे राज्य येते’ असं ते विधान नाही, ‘येवो’ आहे. इंग्रजीत इच्छेसाठी वेगळा प्रत्यय उरला नाही, प्रत्यय नसणं हीच तिथे खूण झाली. आपला ‘ओ’ अजून धडधाकट आहे.

भाषांतराचा प्रश्न

हे वाक्य मराठीत आणायचं कसं? मी पाहिलेल्या प्रयत्नांत दोन वाटा दिसतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिली: ‘हे सर्पा, मी तुजला तू ऐसे संबोधितो, हे राजद्रोह्या!’ जुन्या इंग्रजीला जुनी मराठी. ऐकायला संगीत नाटकातलं वाटतं, आणि तिथेच फसतं. कुकच्या तोंडी हे जुनं नव्हतं, त्या दिवशीचं होतं. रॅलेच्या कानाला त्यात इतिहासाचा वास आला नाही, थप्पड लागली. दुसरी वाट: सगळ्याच संवादाला ‘तू’ करून टाकायचं, कारण इंग्रजीत शेवटी ‘यू’च आहे. मग रॅलेचा ‘तुम्ही’ जातो आणि त्याच्याबरोबर खटल्याचा अर्धा अर्थ जातो.

मी असं करीन: ‘त्यानं जे काही केलं ते तुझ्या चिथावणीवरून केलं, विषारी सापा. हो, अरे-तुरेच करतोय मी तुला, राजद्रोह्या!’ आणि रॅले: ‘कुलशीलवान माणसाला असं बोलणं शोभत नाही. पण मला त्यातच समाधान आहे. एवढंच तुम्हांला जमण्यासारखं आहे.’ ‘बिकमेथ’साठी मी मराठीत जुनं रूप शोधत नाही. ‘कुलशीलवान’ या एका शब्दात ती चाल येते. प्रत्ययाला प्रत्यय देण्याचा हट्ट केला तर ‘-थ’ला काहीच मिळत नाही, आणि ‘-स्ट’ला मात्र आपला ‘स’ आयता मिळतो.

या प्रकरणातला एक कागद मात्र मला अजून सुटलेला नाही. शिक्षा झाल्यावर, सकाळी मारतील उद्या मारतील अशा अवस्थेत, रॅलेनं विंचेस्टरहून बायकोला, एलिझाबेथ थ्रॉकमॉर्टनला, निरोपाचं पत्र लिहिलं. त्याच्या नकला पुढे हातोहात फिरल्या. पत्रात तो तिला ‘यू’ म्हणतो. माझं प्रेम पाठवतो, मी गेल्यावर ते जपून ठेवा. माझा सल्ला पाठवतो, मी नसताना तो आठवा. शेवटाकडे येताना: ‘अ‍ॅज फॉर मी, आय अ‍ॅम नो मोअर युअर्स, नॉर यू माइन. डेथ हॅथ कट अस असंडर.’ मी आता तुमचा नाही, तुम्ही माझ्या नाही, मरणानं आपल्याला कापून वेगळं केलं आहे. इथे ‘हॅथ’ आहे, मरणाला शोभेल असा. पण ‘दाऊ’ नाही. त्याच्या वर्गातला नवरा बायकोला आदरानंच लिहीत असे.

आणि मग सही. ‘रिटन विथ द डाइंग हँड ऑफ समटाइम दाय हझबंड.’ कधीकाळच्या तुझ्या नवऱ्याच्या मरत्या हातानं लिहिलेलं. आत्ता कुठे ‘दाय’ आला. कुकनं ज्याची शिवी केली होती, तेच सर्वनाम. त्याच्या खाली पुन्हा ‘युअर्स दॅट वॉज’, तुमचा होतो तो.

मराठीत हे उलटं पडतं. आपल्याकडे त्या काळचा नवरा बायकोला ‘तू’च लिहिणार, ‘तुम्ही’ लिहिलं तर तो रागावला आहे किंवा टोचून बोलतो आहे असं वाटेल. वर मी ‘तुम्ही माझ्या नाही’ असं लिहिलं आहे ते वाचताना ते परकं वाटलं असेलच. सगळं पत्र ‘तू’मध्ये केलं तर सहीतल्या ‘दाय’चं काहीच उरत नाही. सगळ्या पत्रात तिला ‘बाईसाहेब’ म्हणून शेवटी ‘तुझा’ केलं तर नाटकी होतं. मी चार खर्डे केले आहेत. सध्याच्या खर्ड्यात पत्रभर तिला संबोधनच नाही, क्रियापदंही होता होईल तो कर्मणी ठेवली आहेत, ‘हे जपलं जावं’, ‘हे आठवलं जावं’, आणि फक्त शेवटच्या ओळीत एकदाच येतं: ‘तुझ्या, एके काळी तुझ्या, नवऱ्याच्या मरत्या हातानं.’

रॅले त्या डिसेंबरात मेला नाही. राजानं शिक्षा तहकूब केली, तो तेरा वर्षं टॉवरमध्ये राहिला, १६१६ मध्ये सोन्याच्या शोधासाठी सुटला, आणि २९ ऑक्टोबर १६१८ रोजी वेस्टमिन्स्टरला त्याच जुन्या, विंचेस्टरच्या शिक्षेवर त्याचा शिरच्छेद झाला.